कापलेल्या बंपरचे साडेतीन सेकंद

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. आपल्या मंडळाच्या या अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं साधारणपणे निवृत्त झालेली असतात. एका काकांनी बँकेच्या तिजोरीवर लिहिलं होतं, एका काकांनी कोळसा खात्यातल्या बदल्यांवर. मी अजून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी नोकरी तीन वर्षांची, तीही कॉलेज सुटल्यानंतरची आणि रविवारची, आणि तिच्यातला बराच वेळ मी गाडीखाली आडवा पडलेलो असतो. अंकाचं काम पाहणाऱ्या काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आडवं पडून केलेल्या नोकरीवर अजून कुणी लिहिलेलं नाही. पाच पानं दे."

दुसरी अडचण मी काकूंना सांगितली नाही. मला छापलेल्या गोष्टींची थोडी भीती वाटते. का, ते या लेखातच येईल.

आम्ही मूळचे विट्याकडचे. वडील इथे कोलकात्याच्या बहुबाजारात गलाईचं काम करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सोनारांकडचा जुना दागिना, चुरा, झाडलोटीतली धूळ हे सगळं भट्टीत वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. बारावीनंतर वडिलांनी मला गावाहून इथे आणलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात हे मला घरी कुणी सांगू शकलं नाही, आणि मी घरी जे सांगेन ते सगळ्यांनी खरं मानलं.

दुसऱ्या वर्षी मला बागबाजारच्या एका गॅरेजात काम मिळालं. गॅरेज बादलदांचं. वय सत्तरीच्या अलीकडे, शर्टाच्या खिशात कायम खडू. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला?"

"महाराष्ट्र."

"म्हणजे बर्गी."

बर्गी म्हणजे मराठा घोडेस्वार. आपल्या लोकांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली, पण इथे लहान मुलांना झोपवताना अजून त्यांची भीती घालतात. त्यांना अडवण्यासाठी शहराभोवती खंदक खणला होता, तो सुरू व्हायचा तो बागबाजारातूनच. बादलदा म्हणाले, "तुम्हाला अडवायला एवढा खंदक खणला, आणि तू बसने आलास." त्यानंतर तीन वर्षांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. (आमचं सगळं बोलणं हिंदी-बंगालीच्या मिश्रणात व्हायचं. इथे मराठीत लिहितो आहे.)

बादलदांना मत नसलेला विषय मी पाहिला नाही. इंजिन, इलिश मासा, पावसाळ्यात कुठल्या गल्लीत आधी पाणी साचतं, मराठ्यांनी कुठल्या वाटेने यायला हवं होतं. मत दिलं की ते हलायचं नाही. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे गाडी दाखवायला यायची हे खरं, पण बरीचशी त्यांच्याशी वाद घालायला यायची. हरायचीसुद्धा, आणि खूश होऊन जायची.

पहिल्या महिन्यात त्यांनी मला बॉनेटवर खडूने आकडा लिहून स्पार्क प्लग आणायला पाठवलं. मी आठ आणले. त्यांनी आठ प्लग ओळीने मांडले आणि विचारलं, "बर्गी, आठ सिलिंडरची गाडी कुणाची आणलीस?" त्यांनी चार लिहिले होते. बंगाली चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो. बंगाली सात बराचसा इंग्रजी नऊसारखा दिसतो. त्या आठवड्यात मी बंगाली आकडे पाठ केले, घोटून घोटून. पुन्हा कधी आठसारखं काही दिसलं की मी मनात म्हणायचो, चार. मला याचा अभिमान वाटायचा.

आता धंद्याबद्दल. आमच्याकडे मुख्यतः साधी दुरुस्ती चालते. पण चार-सहा गिऱ्हाइकं ट्रॅकवाली आहेत. ट्रॅकची गाडी म्हणजे बाजारात मिळते तीच छोटी गाडी, पण आतल्या मागच्या सीट, गालिचे, रेडिओ सगळं काढून टाकलेली. कोलकात्यात ट्रॅक नाही. ही मंडळी वर्षातून दोनदा गाडी ट्रकवर चढवून दक्षिणेत पाठवतात, तिथे दोन दिवस गोल गोल चालवतात आणि परत आणतात. उरलेले दिवस ती गाडी एक-दोन सेकंदांनी लवकर कशी पोहोचेल यावर खल चालतो. पोहोचायचं मात्र कुठेच नसतं, जिथून निघाले तिथेच यायचं असतं. वडिलांना हे समजावून सांगायला मला एक संध्याकाळ लागली.

विचित्र गिऱ्हाइकं पुष्कळ. एकांनी डिकीवर चार फुटांचा पंख बसवून घेतला आणि ते कुटुंबाला घेऊन दीघ्याला समुद्रावर गेले. एकांना बंपरला भोकं पाडून हवी होती, पण ती शंखाच्या आकारात. बादलदांनी त्यांना सांगितलं, "हवा बंगाली नाही, तिला शंख ओळखता येत नाही." भोकं शेवटी गोलच पाडली.

आणि डॉक्टरदी. त्या दातांच्या डॉक्टर, दवाखाना सॉल्ट लेकमध्ये. गाडी उत्तम चालवायच्या. एका रविवारी त्यांनी गाडीच्या मागे उकिडवं बसून बंपर वाकून पाहिला, अगदी तोंड उघडायला सांगितल्यासारखा, आणि म्हणाल्या, "बादलदा, हा खालून कापून टाकू या. पॅराशूट होतंय."

हे पॅराशूट प्रकरण समजावून सांगतो. गाडी धावते तेव्हा काही हवा तिच्यावरून जाते, काही बाजूंनी आणि काही पोटाखालून. मागचा बंपर आतून पोकळ असतो. सूप उभं धरावं तसा तो गाडीच्या मागे उभा असतो. पोटाखालून आलेली हवा त्या सुपात भरते आणि गाडीला मागे ओढते, असं म्हणतात. म्हणून काही लोक बंपरचा खालचा चार-पाच इंचांचा पट्टा कापून टाकतात, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट. जगभरचे ट्रॅकवाले यावर भांडतात. फोटो सगळ्यांकडे असतात, मोजमाप फार कमी जणांकडे.

बादलदांचं मत तयार होतं. "काही होणार नाही. पोटाखालची हवा तिथे पोहोचेपर्यंत दमलेली असते. इंजिनाला धडकते, सायलेन्सरला धडकते, ॲक्सलला धडकते. सियालदह स्टेशनात गाडीतून उतरलेला माणूस पळतो का? मागचे ढकलतात तसा सरकतो. अशी हवा सुपात भरली काय आणि न भरली काय."

"मग सगळे कापतात कशाला?" डॉक्टरदी म्हणाल्या.

"दुसऱ्याने कापला म्हणून."

"आणि फरक पडला तर?"

"तर मी मिस्त्रीकाम सोडीन."

हे वाक्य हसत हसत बोललं गेलं. मीही हसलो. त्याच महिन्यात मला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा होता, म्हणून मी हळूच म्हणालो की आपण मोजून पाहू शकतो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं गॅरेजात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

पद्धत साधी आहे. गाडी ताशी ऐंशीला न्यायची, न्यूट्रल करायची आणि नुसती घरंगळू द्यायची. वेग चाळीसवर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. हवा कमी अडवत असेल तर गाडी जास्त वेळ घरंगळेल. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोनदा जाताना, दोनदा येताना. मग बंपर कापायचा आणि तेच पुन्हा.

राजारहाटच्या पलीकडे एक सरळ रस्ता बांधून तयार होता, पण वाहतुकीला उघडलेला नव्हता. तिथल्या चौकीदाराची परवानगी घेऊन आम्ही एका रविवारी सकाळी लवकर गेलो. डॉक्टरदी चालवणार होत्या. पहिल्या चार फेऱ्यांना बादलदा शेजारी बसले, हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर माझी वही. मी रस्त्याच्या टोकाला लाल फडकं घेऊन उभा, गायींसाठी.

इथे मी माझं कॉलेजचं ज्ञान लावलं. आम्हाला शिकवलं होतं की मोजणाऱ्याला आधीचा आकडा माहीत असला तर त्याचा हात नकळत तिकडे झुकतो. म्हणून मी नियम केला: आकडे कुणी कुणाला सांगायचे नाहीत. डॉक्टरदींनी फक्त काट्याकडे पाहून "आता" म्हणायचं. बादलदांनी लिहायचं आणि पान फाडून, घडी घालून खिशात ठेवायचं. बादलदांनी ते कोरा चेहरा ठेवून केलं. खिशातल्या खडूशेजारी पान ठेवताना ते म्हणाले, "मतपेटी तरी उघडतात. ही कधी उघडणार?"

"घरी जाऊन," मी म्हणालो.

मग मी बंपरवर टेप लावून रेघ आखली आणि बादलदांनी हॅकसॉच्या पात्याने तो कापला. डॉक्टरदींनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "इथे टोक राहिलंय," आणि ते घासून घेईपर्यंत गाडीत बसल्या नाहीत. दुसऱ्या चार फेऱ्यांना बादलदा बसले नाहीत. "मला माहीत आहे काय येणार," म्हणून ते चौकीदाराबरोबर चहा पीत राहिले. त्या फेऱ्या मी मोजल्या: ३८, ३९, ३८, ३८.

घरी येऊन मी बादलदांनी निघताना दिलेलं पान उघडलं आणि वहीत चिकटवलं. त्यावरचे आकडे: ३४, ३४, ३७, ३४.

सरासरी काढली. कापण्याआधी पावणेपस्तीस, कापल्यानंतर सव्वाअडतीस. साडेतीन सेकंदांचा फरक. मी तीनदा बेरीज केली. वडिलांना भट्टीवरून उठवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी बरं झालं का वाईट?" मी म्हणालो, फार चांगलं झालं.

अहवाल इंग्रजीत छापला, वर कॉलेजचा शिक्का, खाली माझं नाव. सरांनी त्यावर 'उत्तम' लिहिलं. एवढासा प्लॅस्टिकचा पट्टा कापून एवढा फरक पडत असता तर गाड्या बनवणाऱ्यांनी तो पट्टा बसवलाच नसता, हे तेव्हा सरांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी अहवालाची एक प्रत घेतली आणि दुकानात येणाऱ्या सोनारांना माझं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं.

एक प्रत मी गॅरेजात नेली. बादलदांनी हात पुसले, चष्मा लावला आणि आकड्यांचं पान बराच वेळ पाहिलं.

"चौतीस?" त्यांनी विचारलं.

"चौतीस," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अहवाल मिटून मला परत दिला. डॉक्टरदी तिथेच होत्या, त्या म्हणाल्या, "काय बादलदा, मिस्त्रीकाम कधी सोडताय?" सगळे हसले. बादलदाही हसले.

पुढच्या महिन्यात अजून पाच जणांनी बंपर कापून घेतले. बादलदांनीच कापले, नीट, रेघेवर. मी गॅरेजात 'प्रोफेसर' झालो. पण त्याच दिवसांत एक गोष्ट घडत होती आणि ती सगळ्यात आधी त्यांचा भाचा बुबाई याच्या लक्षात आली. बुबाई गॅरेजातला दुसरा मिस्त्री. तो मला म्हणाला, "मामा बोलत नाही."

"बोलतात की."

"बोलतो. सांगत नाही."

मी लक्ष ठेवलं. खरं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, बादलदा, हा आवाज कसला? पूर्वी गाडी फाटकातून आत येताना ते उत्तर द्यायचे. आता म्हणायचे, "खोलून बघू." कुणी इलिशचा विषय काढला तर म्हणायचे, "असेल." एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाने मुद्दाम काहीतरी चुकीचं विधान केलं, त्यांना चिडवायला. बादलदांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचार. हा मोजतो."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यावर ते आले नाहीत. बुबाईने सांगितलं, मामा राणाघाटला लेकीकडे राहायला गेलाय. म्हणाला, आता तू बघ, माझा अंदाज राहिला नाही.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा हिवाळ्यात होती. तिच्यासाठी मी मूळ वही काढली. बादलदांच्या पानावर सगळ्यात वर त्यांनी गाडीचं किलोमीटरचं रीडिंग लिहिलं होतं. ते सत्तावन्नने सुरू होत होतं. मी अहवालात ते बरोबर उतरवलं होतं, सत्तावन्न हजार काहीतरी. त्या संध्याकाळी मी ते पुन्हा पाहिलं आणि मला एक साधी गोष्ट दिसली. तो पाच इंग्रजी होता. तो सातही इंग्रजी होता. बंगाली पाच आणि सात असे दिसतच नाहीत.

म्हणजे पान इंग्रजीत होतं. एकाच पानावरची वरची ओळ मी इंग्रजीत वाचली होती आणि खालच्या चार ओळी बंगालीत. तीन दोन्हीकडे जवळपास सारखाच, त्यात धावत्या गाडीत लिहिलेला. पुढे आठ दिसला की मी चार म्हणायचो. नऊसारखं दिसलं की सात. बादलदांनी लिहिलं होतं: ३८, ३८, ३९, ३८.

मी बेरीज केली. सव्वाअडतीस. कापल्यानंतरचे माझे आकडेही सव्वाअडतीस. फरक शून्य.

बंपर कापून ट्रॅकच्या गाडीला फायदा होतो का, याचं माझ्याकडे असलेलं पूर्ण उत्तर हे आहे. आमच्या गाडीला, आमच्या रस्त्यावर, हातातल्या घड्याळाने दिसेल एवढा झाला नाही. पोटाखालून सपाट पत्रा लावून हवा सरळ आणली असती तर कदाचित झाला असता, तसं पुस्तकात आहे. बादलदांनी पुस्तक न वाचता सांगितलं होतं, सियालदहच्या माणसासकट.

ते बरोबर होते, आणि ते आपण चुकलो असं समजून घरी जाऊन बसले होते. चूक माझी होती. मला ताबडतोब राणाघाटची गाडी पकडायला हवी होती. मी पकडली नाही. आधी परीक्षा होऊ दे, असं स्वतःला सांगितलं. परीक्षा झाली. चांगले मार्क मिळाले. मग म्हटलं, बाकीच्या विषयांचा निकाल लागू दे. खरं कारण हे होतं की अहवाल अजून वडिलांच्या दुकानात होता.

शेवटी वडिलांनाच सांगितलं. ते सोनं वितळवायची मूस चिमट्यात धरून उभे होते. सगळं ऐकून घेतलं, आकड्यांचा भाग दोनदा. त्यांना बंगाली आकडे माझ्यापेक्षा चांगले येतात, तीस वर्षं सोनारांच्या चिठ्ठ्या वाचतात. ते म्हणाले, "सोनं गाळताना घट आली तर आपण त्याच टायमाला सांगतो. दुसऱ्या दिशी सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, ह्येनं काढून घेतलं. तुला कळून किती दिस झालं?"

"एकवीस."

त्यांनी मूस खाली ठेवली. अहवाल गल्ल्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला होता, तो काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा भट्टीकडे वळले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मार्क वाढवून मागायला फॉर्म आहे. कमी करून मागायला नाही." मी म्हणालो, अर्ज साध्या कागदावर देतो. त्यांनी अर्ज घेतला. तो अजून त्यांच्या टेबलावर आहे, मी जाता-येता पाहतो.

मग बंपर कापलेल्या पाचांना फोन केले. दोघांनी फोन ठेवून दिला. एकांनी विचारलं, परत जोडता येईल का. एकजण म्हणाले, "तुझा कागद काहीही म्हणू दे, माझी गाडी आता वेगळीच पळते." मी म्हणालो, मोजून पाहू या. ते म्हणाले, "नको." शंखवाल्यांना काहीच वाटलं नाही.

डॉक्टरदींच्या दवाखान्यात मी दोन पेशंटच्या मध्ये गेलो. त्यांनी मास्क खाली केला. "थोडक्यात, माझा दात उपटून झाल्यावर तू सांगतोयस की एक्स-रे उलटा धरला होता."

"हो."

"हे बादलदांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस?"

सियालदहहून राणाघाट लोकलने दोन तासांच्या आत येतं. बादलदा लेकीच्या अंगणात खुर्चीवर बसून मटार सोलत होते. त्यांनी मला पाहून फारसं आश्चर्य दाखवलं नाही. मी वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. त्यांनी चष्मा शोधला.

"हा आठ आहे," ते म्हणाले.

"हो."

"इंग्रजी आठ."

"हो."

"मग तू चार कुठून आणलास?"

"मला वाटलं तुम्ही बंगालीत लिहिलंत. तुम्ही नेहमी बंगालीतच लिहिता."

"गाडीवर लिहितो. हे कॉलेजला जायचं होतं. कॉलेज बंगाली वाचतं का?"

"नाही. पण मी वाचतो."

"तू कधीपासून?"

"प्लग आणले तेव्हापासून."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. मग दुसरी. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही 'चौतीस?' असं विचारलंत. तुम्हाला तुमचे आकडे आठवत होते का?"

"अडतीस, अडतीस, एकोणचाळीस, अडतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू छापून आणलं होतंस. वर शिक्का होता." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्याकडे काय होतं? नुसतं आठवत होतं. मला वाटलं, गेलं. डोकं गेलं. याच्या पुढे कुणाच्या गाडीला हात लावून मी काही सांगणं बरं नाही."

मी माफी मागितली. नीट जमली नाही, कारण बंगालीत ती कशी मागायची हे मी गाडीत बसून पाठ केलं होतं आणि ऐन वेळी अर्धी हिंदीत गेली. त्यांनी हात हलवून ती थांबवली. लेकीने आग्रह केला म्हणून मी जेवलो. जेवताना ते काही बोलले नाहीत. माशाबद्दलसुद्धा नाही. निघताना मी नवा अहवाल दिला, त्यात आकडे बरोबर होते आणि पहिल्याच पानावर चूक कुणाची ते लिहिलं होतं. "ठेव तिथे," ते म्हणाले. त्यांनी तो उघडला नाही.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली, आणि मी उभाच राहिलो.

पुढे डॉक्टरदी ट्रॅकवर जाऊन आल्या. एक दिवस कापलेल्या बंपरने चालवली, दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी अखंड बंपर मागून बसवला. दोन्ही दिवशी त्यांची सगळ्यात चांगली फेरी सारखीच निघाली. त्यांनी मला ते कळवलं आणि खाली लिहिलं, "राणाघाटलाही कळवलंय." राणाघाटहून उत्तर आलं नाही. मी लेकीच्या नंबरवर दोनदा फोन केला. ती म्हणायची, बाबा ठीक आहेत, मागे बसलेत. मग मी फोन करणं थांबवलं. महिने गेले. काकूंनी लेख मागितला तेव्हा मी हो म्हणालो, पण शेवट काय लिहायचा ते मला माहीत नव्हतं.

गेल्या गुरुवारी मी कॉलेजात असताना बुबाईचा फोन आला. पाठीमागे कुणाचा तरी चढलेला आवाज येत होता.

"मामा आलाय," तो म्हणाला.

"भेटायला?"

"कामाला. सकाळच्या गाडीने आला, कपडे बदलले, कुणाशी बोलला नाही. एक गाडी आत येत होती, ती फाटकातच थांबवली आणि म्हणाला, मागचं उजवं बेअरिंग गेलंय."

"मग?"

"मग खोललं. बेअरिंग एकदम चांगलं. सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला होता, तो वाजत होता."

मी विचारलं, "मग काय म्हणाले?"

"म्हणतोय, क्लॅम्प ढिला आहे ते लहान मूलही सांगेल, पण बेअरिंग जाणारच आहे. गिऱ्हाईक म्हणतंय नाही जाणार. अर्धा तास झाला, दोघं भांडतायत. मीही सांगून बघितलं, ऐकत नाही."

पाठीमागचा आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता.

"तू येतोस का?" बुबाई म्हणाला. "तो म्हणतोय, बर्गीला बोलाव, त्याला मोजू दे, पण पान मी वाचणार."